एक दिवस आधीचा सण

गाडी वेळेवर सुटो न सुटो, सणाच्या दिवशी बसस्थानकावरची पहिली घोषणा शुभेच्छांचीच असायची. हा शिरस्ता चौकशी खिडकीतल्या बाईंनी पाडला होता, आणि तो कुणाची परवानगी काढून पाडला नव्हता. बाईंचा आवाज मोठा मजेशीर. समोरासमोर बोलल्या तर घशात खरखर, दोन वाक्यं झाली की खोकला. पण तोच आवाज माईकमधून बाहेर पडताना असा धुऊनपुसून यायचा, की बाकावर पेंगणारा प्रवासीही सावरून बसायचा. "फलाट क्रमांक तीनवर" एवढं नुसतं म्हणाल्या तरी घरचं कुणीतरी जेवायला हाक मारतंय असं वाटायचं.

गावात नाना धर्मांची माणसं राहत होती आणि त्या सगळ्यांना कुठे ना कुठे जायचं असायचं, त्यामुळे स्थानकात सगळेच भेटायचे. इथे वर्षातून चार वेळा नवीन वर्ष लागायचं. जुनं मात्र एकदाही नीट संपायचं नाही, कारण गाड्या त्याच, खड्डे तेच आणि छपराची गळतीही तीच.

बाईंची पद्धत साधी होती. सण जवळ आला की ज्याचा सण त्यालाच जाऊन विचारायचं. "यंदा तुमच्याकडे कधी धरलाय? आणि काय म्हणायचं असतं त्या दिवशी?" हे दुसरं विचारायला त्या एका फजितीतून शिकल्या होत्या. फाटकापाशी फळं विकणाऱ्या भाऊंना एकदा त्यांनी हसत हसत शुभेच्छा दिल्या, तर भाऊ म्हणाले, "बाई, आजचा दिवस आमच्यात दुःखाचा असतो हो. आज कुणी कुणाला शुभ म्हणत नाही." बाईंचा चेहरा एवढासा झाला. तेव्हापासून विचारल्याशिवाय त्या कुणाला शुभ म्हणत नसत, आणि भाऊंच्या त्या दिवशी माईकवर फक्त "आज ज्यांच्या घरी कुणाची आठवण काढली जाते आहे, त्यांच्या आठवणीत आम्हीही आहोत" असं म्हणायच्या. हे वाक्य भाऊंनीच त्यांना सुचवलं होतं.

कँटीनच्या मावशींचा सण पहिल्यांदा माईकवरून सांगितला, तेव्हा मावशी डाव हातात घेऊन तशाच खिडकीपाशी आल्या होत्या. डावातून रस्सा फरशीवर ठिबकत होता. "इतकी वर्षं इथे रांधतेय, पण माझा सण असा सगळ्यांना कुणी सांगितला नव्हता गं," म्हणाल्या आणि डोळे पुसत परत गेल्या. ती फरशी बाईंनी स्वतः पुसली, आणि मनात म्हटलं, आता हे आपण मरेपर्यंत करायचं. खरं सांगायचं तर गाड्यांची नावं घेऊन कुणाचा ऊर भरून येत नाही. त्या मोजक्या सकाळीच बाईंना वाटायचं की आपण नुसती नोकरी करत नाही, माणसांशी बोलतोय.

मग नवे आगारप्रमुख आले. साहेब माणूस वाईट नव्हता. टेबल लख्ख, बोलणं मोजकं, रजेच्या अर्जावर त्याच दिवशी सही. फक्त जे छापलेलं नसेल ते त्यांना दिसायचंच नाही. त्यांच्या खुर्चीमागे कार्यालयाचं मोठं कॅलेंडर होतं, त्यात सणांच्या तारखा लाल अक्षरात होत्या, आणि साहेबांचा त्या लाल अक्षरांवर आईबापांपेक्षा जास्त भरवसा होता.

त्यात तक्रारपेटीतून दोन चिठ्ठ्या निघाल्या. एकीत लिहिलं होतं, हे बसस्थानक आहे की देवघर? दुसरीत लिहिलं होतं, इतरांना भरभरून शुभेच्छा, मग आमच्याच वेळी घशाला कोरड का पडली? त्या दिवशी बाईंच्या घशाला खरोखरच कोरड पडली होती. त्या तापाने घरी झोपल्या होत्या.

साहेबांनी बाईंना बोलावून घेतलं.

"बाई, बंद करा म्हणणं मला सोपं आहे," ते म्हणाले. "पण लोकांना आवडतं असं दिसतं, म्हणून नियम करू. याने सांगितलं, तिने सांगितलं, असल्या तोंडी माहितीवर यापुढे घोषणा नको. त्या कॅलेंडरवर लाल अक्षरात जे असेल, त्याच दिवशी. एकच वाक्य, सगळ्यांना सारखं."

"सारखं कसं होईल साहेब? प्रत्येकाचं वेगळं..."

"सारखं. आणि यात एक जरी चूक झाली, एक जरी तक्रार आली, तर शुभेच्छा कायमच्या बंद. मग तुम्ही आणि तुमच्या गाड्या."

बाईंनी मान डोलावली. भांडल्या असत्या, तर हातचं तेही गेलं असतं. नियम पाळायचा म्हटल्यावर बाईंनी तो जरा जास्तच पाळला. कुणाला काही विचारायचीच चोरी झाली. मावशींच्या धर्मात महिनाभराचे उपास चालू होते, सण तोंडावर आला होता, आणि दरवर्षी दहादा "कधी गं, कधी गं" करणाऱ्या बाई यंदा कँटीनवरून मान खाली घालून जात होत्या. जाताना साहेबांच्या दारातून कॅलेंडर मात्र न चुकता बघायच्या. लाल अक्षरातला दिवस उद्यावर आला होता.

संध्याकाळी घरी भाजी निवडताना नवऱ्याने विषय काढला. तो घड्याळं दुरुस्त करायचा आणि बायकोच्या कामात त्याला भारी रस.

"मावशींचा सण उद्या का?"

"उद्या."

"त्यांचा चंद्र दिसल्यावर ठरतो ना? आज तर आभाळ भरलंय."

"कॅलेंडरवर उद्याच आहे."

"कॅलेंडरवाल्यांनी मागच्या वर्षी छापलंय ते. विचारलंस का पण कुणाला?"

"अहो, तुम्ही तुमचे काटे बघा," बाई फणकारल्या. "मला विचारायची बंदी आहे आणि वर तुमच्या चौकशा."

नवऱ्याने दोन्ही हात वर केले आणि भाजी निवडायला घेतली. बाईंना राग त्याचा नव्हताच, हे त्यालाही ठाऊक होतं.

सकाळी पहिल्या गाडीच्या आधी बाईंनी माईकचं बटण दाबलं. ठरलेलं एकच वाक्य त्यांनी नीट म्हटलं. म्हणता म्हणता काचेतून समोर पाहिलं, तर लांब पल्ल्याच्या गाडीची पुढची काच फडक्याने पुसत चालक मामा उभे. मामा म्हणजे मावशींच्याच धर्माचे, आगारातले सगळ्यात जुने चालक. आज त्यांचा सण, आणि माणूस कामावर! बाईंना राहवेना. एकाच वाक्याचा नियम गेला खड्ड्यात.

"आणि सणाच्या दिवशीही घरचं गोडधोड बाजूला ठेवून तुमच्या-आमच्यासाठी गाडीवर आलेल्या आपल्या चालक मामांना," बाई म्हणाल्या, "विशेष शुभेच्छा. मामा, प्रवास सुखाचा होवो."

मामांचा काच पुसणारा हात थांबला. त्यांनी वळून खिडकीकडे पाहिलं, मग आभाळाकडे पाहिलं, मग फडकं खांद्यावर टाकून छातीवर हात ठेवला आणि मान लववली. प्रवाशांपैकी कुणी कुणी जाऊन त्यांचा हात हातात घेतला. बाईंना धन्य वाटलं.

नंतरची सकाळ मात्र जरा विचित्रच गेली. मामा गाडी घेऊन निघाले तेव्हा खिडकीपाशी आले आणि म्हणाले, "बाई, तुमच्या तोंडात साखर पडो," आणि नेहमीसारखं दोन घटका बोलत न थांबता निघून गेले. झाडलोट करणाऱ्या वहिनी, त्याही मावशींच्याच धर्माच्या, "तुम्हालाही, तुम्हालाही" म्हणत केरसुणीसकट कोपऱ्यात पसार झाल्या. फळवाले भाऊ बाईंकडे बघून हसले, ते हसू काही नेहमीचं नव्हतं.

मग खिडकीशी एक इस्त्रीच्या कपड्यातले गृहस्थ आले. हातात बॅग. "बाई, मघाशी तुम्ही माईकवर सणाबद्दल जे म्हणालात ना," त्यांनी सुरुवात केली, आणि तेवढ्यात कुठून कोण जाणे पैलवान उगवला. पैलवान म्हणजे स्थानकावरचा हमाल, अंगाने दोन माणसांचा आणि धर्माने तिसराच.

"साहेब, तुमची गाडी निघाली!" पैलवान ओरडला, त्यांची बॅग उचलली आणि धूम ठोकली. गृहस्थ "अहो, अहो" करत मागे. बाई चकित झाल्या, कारण ती गाडी अजून वर्कशॉपमध्ये हवा भरून घेत होती. "पैलवान," त्यांनी माईकवरून सांगितलं, "फलाट दोनची गाडी अजून लागलेली नाही. प्रवाशांना पळवू नये." सगळं स्थानक हसलं. पैलवान मात्र थांबला नाही.

दुपारी बाई कँटीनमध्ये गेल्या. सणाचं म्हणून मावशींबरोबर आज बसून जेवायचं, असं त्यांनी ठरवलंच होतं. गर्दीची वेळ होती. मावशी मोठ्या पातेल्यापाशी उभ्या. त्यांनी डावात थोडा रस्सा घेतला, फुंकर घातली आणि तो समोरच्या टेबलावरच्या वाहकापुढे धरला.

"बाळा, जरा मीठ सांग रे."

वाहकाने चाखलं. "थोडं हवं, मावशी."

मावशींनी मीठ टाकलं, पुन्हा ढवळलं.

बाई दारातच उभ्या राहिल्या. उपासाचे दिवस लागले की मावशी स्वतः काही चाखत नसत. महिनाभर त्या लोकांसाठी रांधायच्या आणि मीठ लोकांनाच विचारायच्या. "माझ्या हाताला सवय आहे, पण जिभेला सुट्टी आहे," असं म्हणायच्या. सण उजाडला की पहिला घास त्यांचा स्वतःचा. आणि आज, भर सणाच्या दुपारी, मावशी मीठ दुसऱ्याला विचारत होत्या. बाईंना मावशींचे सुकलेले ओठ दिसले. मग सकाळचं सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं.

"मावशी," त्या जवळ जाऊन हळूच म्हणाल्या, "सण आज नाही ना?"

मावशींनी पातेल्यावर झाकण ठेवलं. मग बाईंच्या दंडाला धरून त्यांना मागच्या मोरीपाशी नेलं.

"उद्या आहे गं. काल आभाळ होतं. चंद्र दिसलाच नाही."

"म्हणून मामा कामावर आलेत!"

"रजा उद्याची घेतलीय त्यांनी."

"आणि मी माईकवर..." बाईंनी कपाळावर हात मारला. "अहो, मग कुणी बोललं का नाही मला? उपाशीपोटी दिवसभर शुभेच्छा घेत बसलात सगळे!"

"काय बोलायचं?" मावशी म्हणाल्या. "साहेबांनी तुला काय ताकीद दिलीय ते सगळ्या आगाराला माहीत आहे. चूक झाली असं एकाने जरी म्हटलं असतं, तर गेलं असतं ना सगळं. मामांनी गाडी काढायच्या आधी येऊन सांगितलं, बाईंना कुणी काही बोलायचं नाही, शुभेच्छा आल्या की घ्यायच्या. भाऊंना सांगितलं, वहिनींना सांगितलं. पैलवानाला कुणी सांगितलंही नव्हतं, तो आपला आपणच लागला कामाला."

बाई मोरीच्या कट्ट्यावर बसल्या आणि त्यांना रडू फुटलं. लाज होतीच, पण लाजेपेक्षा दुसरंच काही मोठं होतं. ही माणसं पहाटेपासून पाण्याचा थेंब न घेता उभी होती. त्यांच्या सणाचा दिवस आपण चुकवला आणि त्यांना चिंता पडली ती आपली! एवढं मोठं मन कुठून आणतात ही माणसं, बाईंच्या मनात आलं, आणि आपण यांच्याशी गेले कित्येक दिवस मान खाली घालून वागलो.

"रडू नको," मावशी म्हणाल्या. "तू रडलीस तर मलाही रडू येतं, आणि मला आत्ता पाणी पिता येत नाही."

बाईंना हसू आलं. त्यांनी तोंड धुतलं आणि त्या थेट साहेबांच्या खोलीकडे निघाल्या. मावशी मागून "अगं, नको" म्हणत राहिल्या. पण दुसऱ्यांच्या मोठेपणाच्या आडोशाला लपून बसणं बाईंना जमणारं नव्हतं.

साहेबांच्या खोलीत सकाळचे इस्त्रीवाले गृहस्थ आधीच बसले होते. बॅग मांडीवर घट्ट धरलेली. त्यांची गाडी अजून लागलेली नव्हती.

"या बाई," साहेब म्हणाले. "तुमच्या हमालाने यांची बॅग पळवली. तक्रार आहे."

"साहेब, त्याआधी माझं ऐका," बाई म्हणाल्या. "सकाळी मी चुकीच्या दिवशी शुभेच्छा दिल्या. सण उद्या आहे."

साहेबांनी वळून कॅलेंडर पाहिलं. "आजच आहे. हे काय, लाल अक्षरात."

"कॅलेंडरवर आहे. पण काल चंद्र दिसला नाही."

"कार्यालयाच्या दृष्टीने..."

"कार्यालयाला कुठे उपास असतो, साहेब?"

गृहस्थ खाकरले. "मी सकाळी तेच सांगायला खिडकीपाशी गेलो होतो," ते म्हणाले. "तक्रार नव्हे हो. दर वर्षी आमच्या सणाला घरून निघताना या बाईंची घोषणा ऐकतो. आमची आई तर त्यासाठी खिडकी उघडून बसते, घर मागच्याच गल्लीत आहे. आज मी परगावी चाललोय. बाईंना म्हणणार होतो, उद्या पुन्हा एकदा द्या, आई वाट बघेल. तेवढ्यात तो पैलवान बॅग घेऊन पळाला."

साहेब बराच वेळ पेनाचं टोपण लावत आणि काढत बसले. पैलवानाची बाजू बाईंनी दोन वाक्यांत सांगितली, आणि गृहस्थांनी बॅगेची तक्रार तिथल्या तिथे मागे घेतली. ते गेले.

"तक्रार नाही," साहेब म्हणाले. "पण चूक तर झाली."

"झाली. विचारायचं नाही असं तुम्ही सांगितलंत, आणि मी ऐकलं. ते ऐकायला नको होतं. चूक माझीच."

साहेबांना हे लागलं असावं, कारण त्यांनी मान वर केली नाही. "नियम मी केला, आता मीच मोडला तर उद्या कोण पाळेल?" ते टेबलाकडे बघत म्हणाले. "यापुढे फक्त गाड्या, बाई. वाईट वाटून घेऊ नका."

वाईट वाटून घेऊ नका म्हटल्याने जर वाईट वाटायचं थांबत असतं, तर जगात कुणी रडलंच नसतं. बाई खिडकीत येऊन बसल्या. दुपारभर त्यांनी गाड्या पुकारल्या, फलाट सांगितले, हरवलेल्या छत्रीचं वर्णन केलं. आवाज तसाच धुतलेला येत होता, पण रोज ऐकणाऱ्यांना फरक कळत होता. उद्या सकाळी मागच्या गल्लीत एक म्हातारी खिडकी उघडून बसेल, एवढंच त्यांच्या डोक्यात फिरत होतं.

संध्याकाळी आभाळ मोकळं झालं. मामांची गाडी फेरी करून परत लागली, आणि थोड्या वेळाने पैलवानाने खिडकीची काच वाजवली.

"बाई, मामा वर बोलावतायत. गच्चीवर."

"कशाला?"

"चंद्र बघायला. मामा म्हणाले, बाईंशिवाय नाही बघायचा."

दहा मिनिटं एकही गाडी नव्हती. बाई पाण्याच्या टाकीशेजारचा लोखंडी जिना धापा टाकत चढल्या. वर मामा होते, मावशी होत्या, वहिनी होत्या, आणि ज्यांचा या सणाशी काही संबंध नाही असे फळवाले भाऊ सगळ्यांत पुढे कठड्याला रेलून उभे होते. तीस उपास पुरे झाले होते, त्यामुळे आज चंद्र दिसला काय न दिसला काय, उद्याचा सण आता नक्की होता. पण पाहिल्याशिवाय चैन पडत नाही, असं मावशी म्हणाल्या.

"मामा, मला माफ करा," बाई म्हणाल्या.

"कशाबद्दल?" मामा पश्चिमेकडे डोळे लावून म्हणाले. "यंदा आमचा सण दोन दिवसांचा झाला. नशीब लागतं त्याला."

जिन्यावर बुटांचा आवाज झाला. साहेब वर आले. "गच्चीवर चढायला कुणी परवानगी..." ते बोलू लागले, पण वाक्य तसंच राहिलं, कारण नेमक्या त्याच वेळी बाईंनी हात लांब करून समोर दाखवलं.

"तो काय! वर्कशॉपच्या पत्र्याच्या वर. तारेच्या जरा डावीकडे."

सगळे तिकडे वळले. मावशींनी डोळे मिटले, पुन्हा उघडले, आणि त्यांचे ओठ हलू लागले. मामांनी दोन्ही हात पुढे धरले. भाऊ आणि पैलवान आपोआप एक पाऊल मागे सरले आणि गप्प उभे राहिले. कुणी त्यांना तसं सांगितलं नव्हतं. बाईंनी पदर सावरावा तशी आपली बडबड सावरली आणि त्याही गप्प राहिल्या. गच्चीवर इतकी माणसं, धर्म निरनिराळे, पण एकमेकांना जागा करून देणं कुणालाही शिकवावं लागलं नव्हतं. बाईंना या सगळ्यांचा फार अभिमान वाटला.

"कुठे आहे?" साहेब मागून हळूच म्हणाले. "मला दिसत नाही."

मामांनी त्यांना खांद्याला धरून कठड्यापाशी आणलं आणि बोटाने दाखवलं. साहेबांनी चष्मा वर केला, खाली केला. मग त्यांना दिसला. नखाएवढाच होता, पण होता.

"एवढासा," ते म्हणाले.

"एवढासाच असतो," मामा म्हणाले. "म्हणून तर चुकतो."

"मामा, तुम्हाला सकाळी राग नाही आला? कुणालाच कसा नाही आला?"

"साहेब, पाहुणा एक दिवस आधी दारात उभा राहिला, तर त्याला काय परत जा म्हणायचं? आत घेतला झालं. बाई इतकी वर्षं आम्हाला विचारत आल्या. यंदा विचारलं नाही, तेव्हाच आम्ही समजलो की त्यांचं कुठेतरी अडलंय. मग आपलं माणूस अडलं तर आपण बघत बसायचं का?"

खाली एक गाडी फाटकातून आत वळली. आता एकेक करून सगळ्यांचे डोळे साहेबांवर आले. मावशींचे, भाऊंचे, पैलवानाचे.

"मला काय बघताय?" साहेब म्हणाले. "चंद्र तिकडे आहे." मग त्यांनी चष्मा पुसला. "बाई, खाली जा. सांगून टाका. तोंडी माहितीवर."

बाई जिना कशा उतरल्या ते त्यांचं त्यांनाच कळलं नाही. खिडकीत बसून त्यांनी बटण दाबलं, आणि जन्मात पहिल्यांदा त्यांचा खरा आवाज, खरखरीसकट, कर्ण्यातून बाहेर पडला.

"सकाळी माझी चूक झाली," बाई म्हणाल्या. "सण आज नव्हता, उद्या आहे. मी कुणाला विचारलं नव्हतं. ज्यांचा सण आहे त्यांनी दिवसभर माझ्या शुभेच्छा सांभाळून घेतल्या, एका शब्दाने मला दुखवलं नाही. चंद्र आत्ता दिसला आहे. मी पाहिला. उद्याच्या सणाच्या तुम्हा सगळ्यांना खूप खूप शुभेच्छा. मागच्या गल्लीत एक आई खिडकीपाशी बसतात, त्यांनाही." इथे त्यांना खोकला आला. "आणि फलाट दोनवर गाडी लागत आहे."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पण फलाटावरचे दोघे-तिघे बाकांवरून उठून आपापल्या शेजाऱ्याशी बोलू लागले, आणि मावशी जिना उतरता उतरता हसताना ऐकू आल्या.

साहेब खिडकीमागच्या खोलीच्या दारात येऊन उभे होते. जायला हवं होतं, पण जात नव्हते.

"बसा ना," बाई म्हणाल्या. "बरं, आता पुढचा तुमचाच. तुमच्या सणाचं मला नेमकं ठाऊक नाही. तुमच्यात काहीजण आधी करतात आणि काहीजण नंतर, असं ऐकलंय. तुमच्या घरी कधी असतो?"

"कॅलेंडरवर..." साहेब म्हणाले आणि थांबले. "आई होती तोवर ती सांगायची. तिचं तिचं काही गणित होतं. ती गेल्यापासून मी कॅलेंडरच बघतो."

"घरात दुसरं कुणाला माहीत असेल?"

"मोठी बहीण आहे. तिला माहीत असणार. आमचं बोलणं आता फारसं होत नाही."

"मग विचारून सांगा," बाई म्हणाल्या. "घाई नाही. पण विचारून सांगा."

साहेब मान हलवून बाहेर गेले. फलाटाच्या टोकाच्या रिकाम्या बाकापाशी जाऊन त्यांनी फोन काढला, परत खिशात ठेवला, परत काढला. बाईंनी मुद्दामच तिकडे पाठ केली, पण फलाट शांत होता आणि आवाज येत होता.

"ताई, मी बोलतोय. नाही गं, सगळं ठीक आहे. एक विचारायचं होतं. आपला सण यंदा कधी आहे?"

पलीकडून काय उत्तर आलं ते बाईंना ऐकू आलं नाही. साहेब मात्र बाकावर बसले, आणि पुढची गाडी पुकारून झाली तरी फोन कानाला लावून तसेच बसून होते.